इंजिनाचं हेड बिडाचं चांगलं की ॲल्युमिनियमचं?

गाडीच्या इंजिनाचे ढोबळमानाने दोन मोठे भाग असतात. खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि त्यांत पिस्टन वर-खाली होतात. त्यावर बसणारं जाड झाकण म्हणजे सिलिंडर हेड, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'हेड'. पण त्याचं काम झाकणापुरतं नसतं. इंधन जळतं ते याच्याच पोटाखाली. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट, व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग किंवा डिझेलचा इंजेक्टर, पाणी फिरण्याच्या पोकळ्या आणि आजच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्टसुद्धा, हे सगळं या एकाच ओतकामात सामावलेलं असतं.

हेड मुख्यतः दोन धातूंत बनतं. एक बीड, म्हणजे कास्ट आयर्न. आपला बिडाचा तवा ज्या जातीचा, त्याच जातीचं हे लोखंड. दुसरा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, ज्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं. यातलं चांगलं कोणतं, असं विचारलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: बीड दणकट, ॲल्युमिनियम नाजूक. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे.

मुंबईची टॅक्सी, कोलकात्याची टॅक्सी

भारतात कित्येक दशकं हे दोन्ही धातू टॅक्सीच्या धंद्यात समोरासमोर होते. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिचं १०८९ सीसी पेट्रोल इंजिन फियाटच्या जुन्या घराण्यातलं होतं. त्याचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. कोलकात्याची पिवळी अँबॅसडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. तिचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन ब्रिटिश वळणाचं, आणि त्यात ब्लॉकही बिडाचा, हेडही बिडाचं.

दोन्ही गाड्यांनी दमट हवेत, गर्दीत, दिवसभर चालू-बंद होत लाखो किलोमीटर काढले. पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ पर्यंत टिकली. तेव्हा 'नाजूक' धातूचं हेड टॅक्सीचा धंदा सोसू शकत नाही, असं म्हणायला जागा नाही. फरक पडतो तो धातू कोणती चूक माफ करतो आणि कोणती नाही, यात.

दोन धातूंचे स्वभाव

ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या साधारण ३८ टक्के. पण ते तितकं ताकदवान नसल्यामुळे हेडच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षात हेडचं वजन साधारण निम्म्यावर येतं. अमेरिकेतल्या शेवरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनाचं बिडाचं एक हेड मोकळं असताना सुमारे २० किलो भरतं, तर त्याच मापाचं ॲल्युमिनियमचं १० किलोच्या आसपास. अशी दोन हेडं असतात, म्हणजे गाडीच्या नाकावरचं २० किलो ओझं उतरलं.

दुसरा स्वभाव उष्णता वाहून नेण्याचा. हेडसाठी वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बिडाच्या जवळपास तिप्पट वेगाने उष्णता पुढे ढकलतो. त्यामुळे जिथे इंधन जळतं तो पृष्ठभाग तुलनेने थंड राहतो. पेट्रोल इंजिनाला याचा थेट फायदा होतो. कोपऱ्यातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून भडकलं की इंजिन ठोकायला लागतं. चढावर दामटताना 'खटखट' ऐकू येते ती हीच. पृष्ठभाग थंड असला की हा धोका कमी होतो आणि कॉम्प्रेशन रेशो थोडा वाढवता येतो. इंजिन बांधणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की ॲल्युमिनियमच्या हेडवर हा आकडा अर्ध्याने, कधी एकाने वर नेता येतो. कॉम्प्रेशन वाढलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नुसतं बिडाचं हेड काढून ॲल्युमिनियमचं बसवलं आणि कॉम्प्रेशन तेवढंच ठेवलं, तर धातूमुळे ताकद वाढत नाही. उलट थोडी जास्त उष्णता पाण्यात जाते. अशा बदलानंतर गाडी जोरात पळाली, तर त्याचं श्रेय बहुतेक वेळा नव्या हेडमधल्या मोठ्या, चांगल्या आकाराच्या हवेच्या वाटांना असतं.

तिसरा स्वभाव प्रसरणाचा, आणि बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट पसरतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर ॲल्युमिनियमचं सुमारे ०.७ मिलिमीटर लांबतं, बिडाचं ०.३५. खाली ब्लॉक बिडाचा असेल तर इंजिन गरम होताना आणि गार होताना प्रत्येक वेळी हेड त्याच्यावर किंचित घासतं. मधली गॅसकेट ही सरक रोजच्या रोज सोसत असते. आजच्या गाड्यांत स्टीलच्या पातळ पत्र्यांची थर लावलेली गॅसकेट असते, तिचं एक कारण हेच.

आणि चौथा स्वभाव तापमान सोसण्याचा. २५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्यावर ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूची ताकद झपाट्याने उतरू लागते. बीड ४०० अंशांपर्यंत फारसं डगमगत नाही.

डिझेलचं गणित वेगळं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणजे पेट्रोल इंजिनात ॲल्युमिनियमला जो सर्वांत मोठा फायदा मिळतो, तो इथे मिळत नाही. शिवाय ट्रकच्या आजच्या डिझेल इंजिनात सिलिंडरमधला दाब २०० बारच्या वर जातो. दोन व्हॉल्व्हच्या मधली अरुंद पट्टी हा दाब आणि ती उष्णता रात्रंदिवस सोसते, आणि डिझेलच्या हेडला तडा बहुधा तिथेच जातो. म्हणून ट्रक, मोठे जनरेटर, बोटी आणि शेतीपंपाची पाण्यावर थंड होणारी इंजिनं यांत बिडाचं राज्य अजून आहे. जागेवर बसवलेल्या पंपाच्या इंजिनाला वजन कमी करून मिळणार तरी काय? कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्यांत वाहन उद्योगासाठी आजही मोठ्या प्रमाणावर बीड ओतलं जातं.

कारचं डिझेल मात्र ॲल्युमिनियमकडे वळलं. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टीजेट इंजिन भारतात बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत होतं. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं होतं. लहान सिलिंडर, नेमकं ओतकाम आणि पाण्याच्या नीट आखलेल्या वाटा असतील तर ॲल्युमिनियम डिझेलचा दाब पेलतं.

या दोन टोकांच्या मधलं एक उदाहरण अमेरिकेतलं. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांसाठीचं ६ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन १९९९ मध्ये आलं तेव्हा त्याची हेडं बिडाची होती. २००१ पासून त्याच इंजिनावर ॲल्युमिनियमची हेडं बसू लागली. ब्लॉक बिडाचाच राहिला. ओझं ओढणाऱ्या गाडीला बिडाचंच हेड हवं, ही समजूत तिथे पेट्रोलपुरती तरी मागे पडली.

गाडी घाटात तापते तेव्हा

एप्रिल-मे महिन्यात घाट चढताना काटा लालवर जातो, बॉनेटमधून वाफ येते आणि कोणीतरी बाटलीतलं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतायला धावतं. दोन्ही धातूंची खरी परीक्षा या दहा मिनिटांत होते. बीड ठिसूळ असतं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. ॲल्युमिनियम सहसा तडकण्याआधी वाकतं. ते स्टडने किंवा बोल्टने ब्लॉकला आवळलेलं असतं, त्याला बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून ते मधोमध फुगतं. मग गॅसकेट उडते, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं. धातू कोणताही असो, गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणं आणि इंजिन निवल्यावरच झाकण उघडणं, हा एकच उपाय.

वाकलेलं हेड लेथवाल्याकडे जातं. सपाट पट्टी ठेवून फिलर गेजने वाकणं मोजतात. बहुतेक उत्पादकांची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी. त्यापेक्षा जास्त असेल तर तळ घासून सपाट करतात. इथे एक चूक सर्रास होते. हेड वाकतं तेव्हा वरची बाजूही वाकते. कॅमशाफ्ट हेडमध्येच बसत असेल, तर तळ सपाट केला तरी कॅमची भोकं एका रेषेत येत नाहीत. कॅम हाताने फिरवून पाहिला आणि तो अडखळत असेल, तर आधी हेड सरळ करून घ्यावं लागतं. हे न पाहता जोडलेल्या इंजिनात कॅम किंवा त्याची बैठक काही दिवसांत खराब होते आणि दोष गॅसकेटवर ढकलला जातो.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या हेडला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. खूप तापल्यावर तो कडकपणा उतरतो. असं मऊ पडलेलं हेड सपाट केलं तरी पुन्हा दबतं. चांगला मशीनवाला आधी कडकपणा तपासतो आणि आकडा कमी आला तर हेड टाकून द्यायला सांगतो. हा सल्ला महाग वाटतो, पण दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा इंजिन उघडण्यापेक्षा स्वस्त पडतो.

तडा गेला तर? ॲल्युमिनियम टिग वेल्डिंगने बऱ्यापैकी जोडता येतं. बिडाला आधी नीट तापवून, निकेलची कांडी वापरून आणि नंतर सावकाश गार करत जोडावं लागतं. ते सर्वांना जमत नाही. 'दणकट' बीड दुरुस्तीला मात्र जास्त अवघड, असं हे उलटं प्रकरण.

व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या सीटचंही तसंच. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्यात कडक धातूची रिंग बसवावीच लागते. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट थेट बिडातच कापलेली असे. पेट्रोलमधलं शिसं त्या सीटला वंगणासारखं संरक्षण देत होतं. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि पुढे सीएनजीचं कोरडं जळणंही आलं. तेव्हा कडक रिंग नसलेल्या सीट झिजून आत बसू लागल्या. अशा बिडाच्या हेडमध्येही मग रिंग ठोकून घ्याव्या लागल्या.

निवड कधी करायची असते

नवी पेट्रोल कार घेणाऱ्यापुढे हा प्रश्न उरलेलाच नाही. तिचं हेड ॲल्युमिनियमचंच असणार. प्रश्न खरा उरतो तो जुन्या इंजिनाचं काम काढणाऱ्यापुढे, आणि त्याने धातूपेक्षा आधी स्वतःच्या सवयींकडे पाहावं. बोअरचं पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतायची सवय असेल, तर ॲल्युमिनियमचं हेड घेऊ नये. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की त्या पाण्यातून विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पाण्याच्या भोकांभोवतीची कड खाल्ली जाते आणि गॅसकेटला टेकायला जागा उरत नाही. गंजरोधक घातलेलं कूलंट शुद्ध पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरलं आणि वेळच्या वेळी बदललं, तर ही झीज रोखता येते.

डिझेल जीप, ट्रॅक्टर किंवा पंप असेल आणि मूळ हेड बिडाचं असेल, तर ते बदलून ॲल्युमिनियमचं शोधत बसण्यात अर्थ नाही. पेट्रोल इंजिन असेल, दोन्ही धातूंची हेडं मिळत असतील आणि कॉम्प्रेशन वाढवायची तयारी असेल, तर ॲल्युमिनियमचे पैसे वसूल होतात. मात्र ते बसवताना हाताच्या अंदाजावर पाना चालत नाही. टॉर्क रेंच हवा, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने आवळायला हवेत आणि त्यांच्या डोक्याखाली कडक वॉशर हवेत. उत्पादकाने एकदाच वापरायचे बोल्ट सांगितले असतील तर नवेच घ्यावेत. स्पार्क प्लगसुद्धा इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढावेत, कारण गरम ॲल्युमिनियममधले आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

जुन्या बाजारातून हेड घेताना तळाला आधीच किती घासलंय ते विचारून थांबू नये. कॅलिपरने जाडी मोजून ती मूळ मापाशी ताडून पाहावी. बिडाचं असेल तर व्हॉल्व्हमधल्या पट्ट्यांना तडे आहेत का, आणि ॲल्युमिनियमचं असेल तर पाण्याच्या भोकांच्या कडा शाबूत आहेत का, हे बघावं. शेवटी पाण्याच्या पोकळ्यांत दाबाने हवा भरून, हेड पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते तपासून घ्यावं. मशीनच्या दुकानात हे काम थोड्या पैशांत होतं.