डीएनएला वाकविणारे प्लॅटिनम

प्लॅटिनम म्हटले की दागिने आठवतात. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र हा धातू सलाईनवाटे रुग्णाच्या शिरेत जातो. 'सिस्प्लॅटिन' हे ते औषध.

मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हे संयुग १८४० च्या दशकातच तयार केले होते. त्याचा गुण कळायला सव्वाशे वर्षे जावी लागली, आणि तीही योगायोगाने. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते धाग्यासारखे लांबच लांब वाढले. कारण वीज नव्हतेच! निष्क्रिय म्हणून निवडलेल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेली संयुगे हे सारे घडवीत होती. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवरील परिणाम जाहीर झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

या रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमचा अणू असतो. भोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड. रक्तात क्लोराइड विपुल असल्याने रेणू बराचसा अभंग राहतो. पेशीत क्लोराइड कमी. तेथे रेणूतील क्लोराइड सुटून त्याच्या जागी पाणी येते आणि प्लॅटिनम डीएनएला बिलगण्यास मोकळे होते. बहुधा शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना ते जखडते. तेथे डीएनएचा दुहेरी गोफ वाकतो, प्रत काढणारी यंत्रणा अडखळते आणि दुरुस्ती न जमल्यास पेशी आत्मनाश पत्करते. गंमत अशी, की तेच घटक असूनही क्लोराइड शेजारी न राहता समोरासमोर बसले, तर ही पकड साधत नाही आणि संयुग औषध म्हणून निरुपयोगी ठरते.

शरीरात पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण या औषधामुळे बरे होऊ लागले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाचा कर्करोग बळावलेल्या ८५० महिलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ४३.८ टक्के होते. जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ते ५२.३ टक्के झाले.

किंमतही मोजावी लागते. मूत्रपिंडांना इजा, तीव्र उलट्या आणि कायमचे बहिरेपण हे याचे दुष्परिणाम. म्हणूनच औषधासोबत भरपूर सलाईन चढविले जाते. पुढे आलेले कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडांना सौम्य असले, तरी रक्तपेशी अधिक घटविते. वृषणाच्या कर्करोगात तर ते सिस्प्लॅटिनची बरोबरी करू शकलेले नाही.