वखारीचं माहेर

लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले. ती राहते आम्स्टलवेनला, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला अगदी खेटून. पहिल्या आठवड्यात तिने सुट्टी काढून जे जे दाखवायचं ते दाखवलं. काचेच्या छपराच्या बोटीतून कालव्यांची फेरी झाली, आठ भाषांमधलं ध्वनिमुद्रण कानाला लावून झालं (मराठी नव्हती, साहजिकच). पण बोटीतून शहर वर मान करून बघावं लागतं आणि कुणाशी बोलता येत नाही. मग मी ठरवलं की ती कामावर गेली की आपण ट्रामने यायचं आणि पायी फिरायचं. गुडघा कुरकुरतो, पण इथे चढ असा नाहीच. सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल!

माझ्या फिरण्यामागे एक वेगळं कारणही होतं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे बंदराकडच्या भागात एक मोडकी जांभ्या दगडाची इमारत आहे, तिला सगळे डच वखार म्हणतात. आम्ही लहान असताना तिच्या भिंतींवर वडाच्या मुळ्या चढलेल्या होत्या आणि आजोबांचा हुकूम होता, "थंय जाव नको, जनावरां आसतत." अर्थात आम्ही जायचोच. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. ते म्हणायचे, ही वखार बांधणाऱ्यांचं गाव एकदा जाऊन बघायला हवं. त्यांचं राहिलं. मग म्हटलं, आपण आलोच आहोत तर बघू.

आधी शहराबद्दल. बाराव्या-तेराव्या शतकात इथे दलदल होती आणि तिच्यातून वाहणारी आम्स्टल नदी. १२७० च्या आसपास कोळी-शेतकऱ्यांनी नदीवर बांध घातला. बांध म्हणजे डच भाषेत डाम, म्हणून आम्स्टलडाम, पुढे अ‍ॅमस्टरडॅम. गावाचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो १२७५ चा, आणि तोसुद्धा जकातमाफीच्या कागदात! काउंट पाचव्या फ्लोरिसने या लोकांना जकात माफ केली, त्याचा तो दस्त. म्हणजे कागदोपत्री जन्मच व्यापाराच्या निमित्ताने.

नकाशावर अर्धवर्तुळाकार दिसणारे ते प्रसिद्ध कालवे मात्र खूप नंतरचे. सगळ्यात आतला सिंगेल हा जुना खंदक. त्याच्या बाहेर १६१३ पासून हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे आखून खणले. नावंही बघा: साहेब लोकांचा कालवा, सम्राटाचा कालवा, राजपुत्राचा कालवा. आधी पश्चिमेची बाजू झाली, मग १६६० च्या दशकात तेच अर्धवर्तुळ पूर्वेला पुढे नेलं. ते आम्स्टलपलीकडे पोचेपोचेतो १६७२ साल उजाडलं. त्या साली फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप असे सगळे एकदम डचांवर चालून आले. पलीकडच्या जमिनींना गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून तिथे बागा केल्या. आजही त्या भागाला प्लान्ताज म्हणतात. इतक्या आखीव शहराचा एक कोपरा पैसे संपल्यामुळे हिरवा राहिलाय, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पायी चालताना घरं नीट दिसतात. अरुंद, उंच, खिडक्याच खिडक्या, आणि प्रत्येकाच्या शिखराशी पुढे आलेली एक तुळई, तिला लोखंडी आकडा. कालव्यालगतची जमीन महाग, म्हणून घरं अंगाने बारीक आणि मागे लांब. जिने इतके उभे की कपाट न्यायचं तर दोर लावून बाहेरून खिडकीतूनच. पूर्वी याच आकड्यांवरून माल माळ्यावर चढायचा, कारण व्यापाऱ्याचं घर आणि गोदाम एकच. खाली दिवाणखाना, वर मिरी आणि जायफळ. हा सगळा डोलारा चिखलात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभा आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत. हा आकडा मला नातवाने शिकवला. वर्षाचे दिवस ३६५ घ्यायचे, पुढे १ लावायचा, मागे ९! इथल्या शाळकरी मुलांना हे असंच पाठ असतं. खांब पाण्याखाली आहेत तोवर सुरक्षित, पाणी उतरून हवा लागली की कुजायला लागतात. म्हणजे या शहराला पाण्याची भीतीही आहे आणि पाणी उतरण्याचीही.

(तो राजवाडा मुळात नगरभवन होता, १६५५ मध्ये उघडलेला. राजासाठी नव्हे, गावच्या कारभाऱ्यांसाठी. १८०८ मध्ये नेपोलियनच्या भावाने त्याचा राजवाडा केला.)

एका शनिवारी मी योर्दानमध्ये गेले. हा प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडचा भाग, एके काळी मजुरांचा, आज परवडणार नाही असा. तिथे लिंडनग्राख्त नावाचा रस्ता आहे. ग्राख्त म्हणजे कालवा, पण कालवा कुठे दिसेना. फक्त बाजार, चीज, फुलं, मासळी. शेजारच्या आजींना विचारलं तर त्या हसल्या, "बुजवला." १८९५ मध्ये. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की त्याच्या नऊ वर्षं आधी इथे काय झालं होतं. त्या काळी लोकांचा एक खेळ होता. कालव्यावर आडवा दोर बांधायचा, त्याला जिवंत वाम मासा टांगायचा आणि होडीत उभं राहून तो खेचून काढायचा. मासा बुळबुळीत, होडी डुगडुगती, माणसं पाण्यात पडायची आणि सगळे हसायचे. खेळावर बंदी होती. २५ जुलै १८८६ च्या रविवारी तो इथे मांडला गेला, पोलिसाने दोर कापला आणि दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी लष्कर आलं. २६ माणसं मेली. एका माशावरून नव्हे हो, ती माणसं आधीच कोंदट खोल्यांत, अर्धपोटी राहत होती. मासा निमित्त. बोटीतल्या त्या आठ भाषांत हे कुठे नव्हतं. असायचंही कसं, बोट तिथे जाऊच शकत नाही.

कालवे बुजवायची तर या लोकांना एके काळी हौसच होती. वास यायचा, रोगराई, मग गाड्या. १९५० च्या दशकात इथल्या पोलीसप्रमुखाने आणखी कालवे बुजवून रस्ते करावेत असा प्रस्ताव दिला होता. लोकांनी हाणून पाडला. २०१० मध्ये हेच कालवे जागतिक वारशात गेले. असो.

आता माझ्या मूळ कामाकडे वळते.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिच्या सतरा संचालकांना नुसतं "सतरा साहेब" म्हणत. या साहेबांना जायफळ हवं होतं. ते तेव्हा फक्त बांदा बेटांवर पिकायचं, म्हणून १६२१ मध्ये त्यांच्या गव्हर्नर जनरल कूनने तिथली हजारो माणसं मारली आणि उरलेल्यांपैकी अनेकांना गुलाम करून नेलं. आमच्या किनाऱ्यावर त्यांना हवा होता गोवा, म्हणजे खरं तर पोर्तुगीजांची कोंडी. १६३६ पासून पावसाळा सरला की डच जहाजं गोव्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. जहाजावरच्या माणसांना पाणी, शिधा, लाकूड लागणारच. ते द्यायला जवळचं बंदर कुठलं? वेंगुर्लं. आदिलशहाच्या परवानगीने १६३७ मध्ये तिथे वखार आली. पुढे याच वखारीतले डच शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वरिष्ठांना कळवत राहिले. कंपनीची कागदपत्रं देशोदेशीच्या दफ्तरखान्यांत मिळून सुमारे अडीच कोटी पानं भरतात. त्यातल्या काही पानांवर आमचं गाव आहे, हे बाबा वर्गात छाती फुगवून सांगायचे.

हेरेनग्राख्तवर चालताना मला हेच आठवत होतं. ५०२ नंबरचं घर महापौरांचं निवासस्थान आहे. देखणं, खांबांचं दार. ते १६७२ मध्ये पाउलुस खोडिन नावाच्या माणसासाठी बांधलं, जो वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि गुलामांच्या व्यापारात होता. घरासमोर तसा फलकही लावलाय. २०२१ मध्ये महापौरांनी शहराच्या वतीने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली, २०२३ मध्ये राजाने मागितली. उशीर झाला म्हणायचं की निदान मागितली म्हणायचं, मला ठरवता आलं नाही. शिवाय एक विचार मला सोडेना. वेंगुर्ल्याच्या बंदरावर डचांना तांदूळ नि कोंबड्या कुणी विकल्या असतील? आमच्यापैकीच कुणीतरी. भावही चांगला घेतला असेल. गावचा माणूस म्हणून मला ते पक्कं माहीत आहे.

सिंगेलवर तोरेनस्लाउस नावाचा रुंद पूल आहे, १६४८ चा. खाली पाण्यालगत जुन्या कोठड्यांची दारं दिसतात, वर मुल्तातुलीचा पुतळा. जावातल्या डच कारभाराची लक्तरं १८६० मध्ये कादंबरीतून वेशीवर टांगणारा हा लेखक. पुतळ्याशेजारी बसून मी डब्यातले पोहे खाल्ले. लोक बिअर पीत होते, कुणी बघितलं नाही.

तिथून चालत औडे होखस्ट्राटला गेले. कंपनीचं मुख्यालय, १६०६ मध्ये बांधलेलं, सतरा साहेब बसायचे ते. आज तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. कमानीतून आत अंगण आहे, विटांच्या भिंती, पांढऱ्या दगडाची नक्षी आणि चहूकडे सायकली. मी काय वाटायची अपेक्षा केली होती कोण जाणे. राग, नाहीतर निदान काहीतरी. मला आधी दिसलं ते हे, की भिंती शाबूत आहेत. वडाचं एकही मूळ नाही. आमच्याकडची लेक मोडून पडली आणि आई इथे ठणठणीत.

बाकावर बसले. एका मुलीने माझ्यासाठी सायकल बाजूला घेतली आणि कुणाला शोधताय का विचारलं. नाही म्हटलं, नुसती बघायला आले. भारतातून? हो. छान, म्हणाली, आणि वर्गाला पळाली. तिला वेंगुर्लं सांगायचं तोंडावर आलं होतं, पण तिला उशीर झाला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, अगं कुठे आहेस?"

"वखारीत," मी म्हटलं.

"बरं. येताना दूध आण."