पाटाचे पाणी, मीठ आणि भात

पुणे जिल्ह्यातल्या पाटसला बसून भातावर लिहायचे म्हटले की कोणीही हसेल. इथल्या शिवारात ऊस. मुळशी-मावळची भातखाचरे शंभरेक किलोमीटर मागे राहिली. पण खडकवासल्याहून निघालेला मुठेचा जुना उजवा कालवा सुमारे ११२ किलोमीटर चालून पाटसलाच येऊन थांबायचा. पाणी आपल्यासोबत काय काय आणते, हा प्रश्न पाटाच्या शेपटाशी राहणाऱ्याला पडणारच.

हिशेब सोपा आहे. विद्युतवाहकता मीटरमागे १ डेसीसायमन असलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. जिभेला ते जेमतेम मचूळ लागते. या पाण्याची दहा सेंटीमीटर पाळी एकराला दिली की अडीचशे किलो क्षार रानात आले, म्हणजे पाच पोती! पीक पाणी पिते, मीठ बहुतेक मागेच ठेवते. निचरा नसेल तर ते काळ्या रानात साठते आणि उन्हाळ्यात पांढरे होऊन वर फुटते. शेजारच्या नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींवर कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच लिहून ठेवले होते. आपण ते फारसे मनावर घेतले नाही.

मग भातच का? कारण भाताइतके बोलके पीक नाही. मिठाच्या पाण्यात बी उगवते. फसवणूक इथूनच सुरू होते. दोन-तीन पानांचे रोप मात्र कोलमडते, पानांची टोके पांढरी पडून वाळतात. त्यातून तगलेले रोप फुटवे धरताना सावरते, आणि फुलोऱ्यात पुन्हा मार खाते. परागकण वांझ होतात, लोंबी ताठ उभी राहते, हाताला लागते ते पळिंज. मातीच्या अर्काची वाहकता ३ डेसीसायमनच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असे मास आणि हॉफमन यांचे १९७७ चे गणित सांगते.

गंमत अशी की हाच भात चोपण जमीन, म्हणजे सोडियम चढून घट्ट झालेले रान, सुधारताना कामाला येतो. हरियाणात जिप्सम घातल्यावर पहिले पीक भाताचेच घेतात. तुंबलेले पाणी त्याला चालते, सोडियमही तो बऱ्यापैकी सोसतो. कोकणच्या खाजणात तर पावसाने मीठ धुऊन नेल्यावरच लावणी होते, आणि पनवेलच्या संशोधन केंद्राने त्यासाठी 'पनवेल-१'सारखे वाण दिले. क्षारपड, म्हणजे नुसते मीठ साठलेली, आणि चोपण यांत गल्लत करणाऱ्याला हा विषय कधीच उलगडत नाही, म्हणून नव्या वाचकाने सुरुवात तिथूनच करावी.

त्याआधी एक काम करा. मे महिन्यात विहिरीचे पाणी, बाटली त्याच पाण्याने खळबळून, भरून घ्या आणि प्रयोगशाळेत द्या. वाहकतेबरोबर सोडियमचा आकडाही मागून घ्या.