कोकणचे आटलेले झरे आणि जंगलखात्याचा जन्म

१८४०च्या दशकात कोकणात हिंडणाऱ्या एका स्कॉटिश डॉक्टरच्या कानावर एकच गाऱ्हाणे पुनःपुन्हा येत होते : डोंगर उघडे पडले आणि झरे आटले. हे गाऱ्हाणे त्याने सरकारदरबारी पोहोचवले. मुंबई इलाख्यात जंगलखाते उभे राहिले, त्यामागे अशा निरीक्षणांचाही वाटा होता. पुढे त्याच खात्याने गाऱ्हाणे सांगणाऱ्यांची डोंगराकडची वाट अडवली. हे कसे घडले, त्याविषयीचा हा धागा.

डॉक्टरचे नाव अलेक्झांडर गिब्सन. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतला हा माणूस देवी टोचण्याच्या कामानिमित्त दख्खन आणि खानदेश फिरलेला होता. १८३८मध्ये पुण्याजवळच्या दापुडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा तो अधीक्षक झाला. या उद्यानातल्या व आसपासच्या वनस्पतींची सुमारे पावणेदोनशे अप्रतिम चित्रे त्याने काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच ज्ञात आहे. साहेबाचे नाव राहिले, कुंचला धरणाऱ्याचे राहिले नाही.

कोकणच्या जंगलाची किंमत गिब्सनच्या आधीही राज्यकर्त्यांना ठाऊक होती. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे स्वतंत्र कलम आहे. सागवानासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. एखादे झाड जीर्ण झालेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. म्हणजे जंगलावर सरकारचा हक्क ही इंग्रजांनी नव्याने आणलेली गोष्ट नव्हे. फरक होता तो त्या हक्काच्या मर्यादेत. झाडामागे माणूस उभा आहे, हे आज्ञापत्र विसरत नाही.

१८१८नंतर चित्र पालटले. नव्या महसूल पद्धतीत लागवडीखालच्या जमिनीतून सारा मिळे, रानातून फारसे काही मिळत नसे. म्हणून रान हटवून शेत वाढवणे हीच प्रगती ठरली. शेजारी मुंबई वाढत होती. तिला इमारतींना सागवान हवे, गोदीला सागवान हवे आणि चुलींना सरपण व कोळसा हवा. १८४०मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थानही खालसा झाले. घाटाच्या उतारावरचे रान झपाट्याने विरळ होत गेले.

कोकणात तीन-चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले वर्ष कोरडे जाते. उतारावर झाडी, पालापाचोळा आणि मुळांनी धरलेली माती असेल, तर या पाण्यातले काही जमिनीत मुरते आणि झऱ्यांच्या वाटे उन्हाळ्यापर्यंत पाझरत राहते. ते आच्छादन गेले की पाणी थांबत नाही आणि जाताना माती घेऊन जाते. ती माती खाडीत बसते. एकेकाळी थेट राजापूर शहरापर्यंत येणारी गलबते पुढे खाडीत खालीच थांबू लागली, ती याच गाळापायी. गिब्सनने झरे आणि गाळ यांचा संबंध जंगलतोडीशी जोडला. जंगल गेले की पाऊसच कमी होतो, असेही त्या काळचे अनेक जाणकार मानत. ते मत विज्ञानाने जसेच्या तसे स्वीकारलेले नाही, पण माती व झऱ्यांबाबतचे निरीक्षण पक्के होते. आणि ते मुळात गावकऱ्यांचे होते.

१८४७मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगलतोडीच्या परिणामांविषयी ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीचा अहवाल ह्यू क्लेगहॉर्नने १८५१मध्ये मांडला. त्यातही गिब्सनची निरीक्षणे आहेत.

मात्र दोषी कोण, हे ठरवताना नजर वळली ती डोंगरातल्या माणसाकडे. रान तोडून, जाळून एक-दोन वर्षे नाचणी-वरी घ्यायची आणि पुढच्या तुकड्यावर जायचे, ही कुमरी किंवा दळीची शेती. गिब्सनचा तिला कडवा विरोध होता. तिने रानाची हानी होत नसे असे नाही. पण इमारती लाकडाचा व्यापार आणि सरकारची स्वतःची गरज यांच्या मानाने तिच्यावर फार मोठा ठपका आला. १८५३मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावली. दर मैलाला दीड हजारांहून अधिक स्लीपर लागत. जंगल राखण्याची भाषा आणि रेल्वेची भूक एकाच काळात वाढली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८७८च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्ग केले. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिलेले नाही, ते सारे निषिद्ध. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याला याचा चटका बसला तो राबापाशी. भाताचा तरवा करण्याआधी त्या जागेवर शेण, टहाळ, पाने पसरून भाजावळ करतात, तो राब. टहाळ मिळायचा तो वरकस जमिनीतून आणि शेजारच्या रानातून. तो तोडणे आता गुन्हा होऊ लागला. साहेबाच्या लेखी ही नासाडी होती. शेतकऱ्याच्या लेखी त्यावर वर्षाचे भात अवलंबून होते.

१८८३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याला धारेवर धरले. पूर्वी अपुऱ्या जमिनीचा शेतकरी रानातली फळे, पाने, फुले, वाळकी लाकडे यांवर आणि गायरानात चरणाऱ्या एखाद-दुसऱ्या गाई-शेळीवर कसाबसा तगून जाई. या खात्याने डोंगर, दऱ्या, गायराने सारेच कवेत घेतले, हा त्यांचा आक्षेप. ठाणे-कुलाब्यातूनही तक्रारींचा ओघ सुरू होता. अखेर १८८५मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. राब, वरकस आणि झाडांवरचे हक्क हेच त्याच्यापुढचे कळीचे विषय होते. १८८७मध्ये त्याचा अहवाल आला. काही सवलती मिळाल्या; जंगलाची मालकी सरकारकडेच राहिली.

दळीचा प्रश्न तर त्याहून लांबला. रायगड जिल्ह्यातल्या कातकरी-ठाकूर कुटुंबांनी कसलेल्या दळी जमिनी कागदोपत्री वनखात्याच्या राहिल्या आणि त्यांवरच्या हक्काचे दावे २००६च्या वनहक्क कायद्याखाली दाखल झाले.