देवी डॉक्टरापासून आशाताईपर्यंत

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानातील बाललसीकरण सुरू झाले. पुढे मुंबई इलाख्यात गावोगाव फिरणारा लसटोचक, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘देवी डॉक्टर’, एका मुलाच्या दंडावर आठवड्याभरात धरलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचत असे; त्यामुळे आपले मूल ‘फोडासाठी’ पुढे करण्यास पालक नाखूश असत, आणि हा विरोध निव्वळ अंधश्रद्धेचा मानणे अन्यायाचे ठरेल. वासरापासून मिळवलेल्या लसीने ही अडचण दूर झाली, तरी लस टोचणारा माणूस एकटाच राहिला.

१९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानंतर चित्र पालटले: वैद्यकीय अधिकारी, लस टोचणारी आरोग्यसेविका, बालकांची यादी ठेवणारी अंगणवाडी सेविका आणि २००५ नंतर घरोघर आठवण देणारी आशा स्वयंसेविका यांच्यात काम वाटले गेले. बार्शीत १९८७ मध्ये सुरू झालेली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही, विषय वेगळा असला तरी, गावांत जाऊन लोकांना भेटणाऱ्या कार्यकर्त्यांवरच उभी राहिली. दवाखान्यात बसून राहिलेल्या डॉक्टराला लस चुकलेले मूल कधीच दिसत नाही; ते यादी घेऊन दारात जाणाऱ्या सेविकेलाच सापडते.