मुस्लिम मतदारांचा भ्रमनिरास (महाराष्ट्र)

मते घेतली जातात, पण उमेदवारी, संरक्षण आणि धोरणांत वाटा मिळत नाही, ही राज्यातील अनेक मुस्लिमांमध्ये बळावलेली भावना. २०११च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे साडेअकरा टक्के. २०२४च्या विधानसभेत मात्र २८८ पैकी १० आमदार. त्याच वर्षी लोकसभेला महाविकास आघाडीने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. आघाडीतील काँग्रेसच्या नसीम खान यांनी निषेधार्थ प्रचार समिती सोडली. त्याआधी, २०१४च्या जुलैत काढलेला मुस्लिमांसाठीच्या पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर विरून गेला. उच्च न्यायालयाने शिक्षणातील आरक्षण रोखले नव्हते, म्हणून ही जखम अधिक खोल.

कोल्हापूर जिल्ह्यात हे चित्र गुंतागुंतीचे आहे. कागलमधून मुस्लिम नेते हसन मुश्रीफ १९९९पासून सलग सहा वेळा निवडून आले. तरीही १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणविरोधी आंदोलनादरम्यान पायथ्याच्या गजापुरात मशिदीची आणि घरांची तोडफोड झाली. तेव्हा मुश्रीफ मंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री होते. ज्या जिल्ह्यात राजर्षी शाहूंनी १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभारले, तिथेच हे घडले, हे विशेष क्लेशदायक. केवळ प्रतिनिधित्व वाढल्याने हा अविश्वास दूर होईल, असे मानणे म्हणूनच अपुरे ठरते.