मिलो खाल्लेली पिढी आता शहरात काय खाते?

अंतरवाली सराटी म्हटलं की तुम्हाला 2023 चं उपोषण आठवणार. आज विषय उपासमारीचा आहे, आणि दोन्हींत फरक आहे बरं का. उपोषण माणूस ठरवून करतो.

हे गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा जालना जिल्हाच नव्हता. तो 1 मे 1981 ला झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. बाहत्तरात मराठवाड्यात ज्वारी पिकलीच नाही. मग रेशनवर आली अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो. जुन्या माणसांसमोर नुसतं 'मिलो' म्हणून बघा, तोंड वाकडं करतील! पण त्या तांबूस भाकरीनं आणि सुकडीनं माणसं जगवली, हेही तेच सांगतील.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, नालाबांध घाला, मजुरी घ्या. मे 1973 मध्ये राज्यभरात सुमारे 50 लाख लोक या कामांवर होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मला हा महाराष्ट्राचा खरोखर मोठा पराक्रम वाटतो. पण त्याचा पाया होता 'हाताला काम'. ज्याचे हातच थकलेत, त्याचं काय?

त्या प्रश्नाची उत्तरं नंतर तुकड्यातुकड्यानं आली. 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजना. 2000 मध्ये केंद्राची अन्नपूर्णा योजना: पेन्शन न मिळणाऱ्या 65 वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला 10 किलो धान्य फुकट. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली, 10 रुपयांत.

आता हिशोब करा. बाहत्तरात विशीत खडी फोडणारी माणसं आज सत्तरीपार आहेत. पोरं पुण्याला, संभाजीनगरला गेली. त्यांच्यामागे आईवडीलही गेले. गावात परसातली भाजी, शेजारणीचं ताक असायचं. शहरात कोथिंबिरीच्या काडीलाही पैसे. सून-मुलगा कामावर, दुपारी घरात म्हातारी एकटी.

शिवभोजनात काय असतं? 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दुपारपुरतं चांगलंच, पण केंद्रापर्यंत चालत जायला गुडघे हवेत. रेशनवर अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी 5 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम धान्य, तेही मुख्यतः गहू-तांदूळ. पोट भरतं, पण उतारवयात स्नायू झिजतात, तेव्हा डाळ, दूध, अंडं लागतं. दात नसले की आजी वरणात चपाती कुस्करून खाते. वरण पातळ असेल तर तिच्या ताटात उरतं नुसतं पीठ-पाणी. श्रावणबाळचे महिन्याचे 1500 रुपये आधी औषधांच्या दुकानात जातात, दूध मागे राहतं.

कार्ड गावचं असलं तरी धान्य पुण्यात उचलता येतं, ती सोय आता आहे. अडतं कुठे? अंगठ्यावर. खडी फोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात, मशीन ओळखत नाही. मग अनेक ठिकाणी ओटीपीवर काम भागतं. आणि तो ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, तो बहुतेक घरांत आत्ता तुमच्याच हातात आहे.